ओमेरच्या नावाचं बिल

सगळ्यांनी मिळून वीज आणि गॅसची कंपनी बदलली की बिल खरंच कमी होतं का, असं हल्ली गावात कुणीही मला थांबवून विचारतं. विचारताना तोंडावर जे हसू असतं, ते मला कळतं. चौतीस वर्षं मी या लेमबेर्हेन गावात सायकलवरून टपाल वाटलंय. कुत्र्याचा आणि माणसाचा, दोघांचाही हेतू मला फाटकापासून ओळखू येतो. तरी मी प्रत्येकाला मनापासून उत्तर देतो. उत्तर जरा लांब आहे, त्यामुळे बहुतेक लोक गोष्टीतल्या वॅफलपर्यंत पोचायच्या आतच बेकरी बंद होईल म्हणून निघून जातात. तुम्ही बसलेले दिसताय, तेव्हा ऐकाच.

सुरुवात झाली पत्त्यांवरून. दर गुरुवारी दुपारी आमचा मनिलचा डाव असतो. भिडू चार: मी, माझी बायको लुतगार्त, शेजारचा आखील आणि जिच्या घरी डाव पडतो ती गोदलीव्हबाई. बाईंचं वय ब्याऐंशी. डाव त्यांच्याच घरी पडतो, कारण चाळीस वर्षं तो तिथेच पडत आलाय. पूर्वी चौथा भिडू त्यांचा नवरा ओमेर असायचा. ओमेर सुतार होता, आणि पत्त्यांत इतका चिवट होता की हरल्यावर सगळे डाव पहिल्यापासून परत सांगून दाखवायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याच्या खुर्चीवर लुतगार्त बसायला लागली.

ओमेर होता तेव्हा डाव पुढच्या खोलीत पडायचा. ती घरातली चांगली खोली. तिथे ओमेरनं स्वतः केलेलं गोल टेबल आहे, भिंतीवरच्या फळीवर घड्याळ आहे आणि कोपऱ्यात खोली तापवायची गॅसची मोठी शेगडी आहे. तो गेल्यावर बाईंनी ती शेगडी बंद केली ती केलीच. परवडत नाही म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही चौघं स्वयंपाकघरात, धुतलेल्या भांड्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसतो. तिथली छोटी शेगडीसुद्धा त्या कॉफी करताना जितका वेळ लागेल तितकाच वेळ लावायच्या. हिवाळ्यात आम्ही कोट घालून खेळायचो. आखील तर हातमोजे घालून पत्ते वाटायचा, आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी आठऐवजी नऊ पत्ते जायचे.

आमच्याकडे चला म्हणून आम्ही शंभरदा म्हटलं असेल. बाई ऐकेनात. डाव या घरातला आहे, तो इथेच पडेल, असं त्यांचं एकच म्हणणं. आणि गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, पत्ते गोळा करता करता त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हा हिवाळा शेवटचा. पुढच्या वर्षीपासून डाव बंद करू. तुम्हाला माझ्यापायी असं कुडकुडत बसवायला बरं नाही वाटत मला."

घरी येताना लुतगार्त म्हणाली की डाव बंद झाला तर आठवड्यातून एकदाही त्या घरात कुणी जाणार नाही. खरं होतं ते. आणि असं काही मनाला लागलं की मी काहीतरी हाती घेतो, हे आमच्या घरचं जुनं दुखणं आहे.

दुसऱ्याच दिवशी पेटीत प्रांताचं पत्रक आलं. समूहखरेदी. कल्पना मला एका वाचनात समजली. मी एकटा शेतकऱ्याकडे जाऊन एक पोतं बटाटे मागितले तर तो सांगेल तो भाव द्यावा लागतो. सगळ्या गावानं मिळून ट्रकभर मागितले तर तो टोपी काढून बोलतो. तसंच इथे: हजारो घरांनी नावं द्यायची, मग वीज-गॅसच्या कंपन्यांचा लिलाव, आणि तोही उलटा. जी सगळ्यात कमी भाव सांगेल तिच्याकडे सगळे जाणार. नाव द्यायला पैसे नाहीत, देऊन झाल्यावर नको म्हणायचीही मुभा. मी ते पत्रक लुतगार्तला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. "खालचं बारीक अक्षर वाचलंस का?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, टपाल खात्यात आयुष्य गेलं माझं, मला कागद वाचायला शिकवू नकोस. पत्रकावर तिनं नंतर गरम कढई ठेवली आणि ते बारीक अक्षर कढईच्या बुडाखाली गेलं. हे पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

आखीलला मी भिंतीवरूनच सांगितलं. आखील निवृत्त वायरमन आहे. त्याचं मत असं की जगातल्या प्रत्येक गोष्टीत आत कुठेतरी काहीतरी जळलेलं असतं, फक्त झाकण उघडायला हवं. नवी कंपनी, जुनी कंपनी, तार एकच आणि त्यातून येणारी वीजही तीच, मग स्वस्त कुठून होणार, असा त्याचा सवाल. मी म्हटलं वीज तीच, भाव वेगळा. तो म्हणाला भावातच तर जळलेलं असतं. अर्धा तास असं चालल्यावर त्यानं माझ्याकडूनच स्वतःचं नाव नोंदवून घेतलं.

मग काय, मी आमच्या गल्लीचा स्वयंसेवक झालो. प्रांतानं मला एक बिल्ला पाठवला. तो मी टपालाच्या जुन्या कोटावर लावला आणि ज्या ज्या फाटकांतून चौतीस वर्षं बिलं आत टाकली होती, त्याच फाटकांतून ती बघायला आत शिरलो. लोकांनी आनंदानं दाखवली, हे सांगितलं पाहिजे. आमच्या इथे शेजाऱ्याच्या घरात किती खोल्या हे कुणी विचारत नाही, पण त्याचं गॅसचं बिल किती हे जाणून घ्यायला प्रत्येकजण आतून तळमळत असतो. एकट्या त्या गल्लीत मी बारा कप कॉफी प्यायलो आणि सत्तावीस घरं नोंदवली.

सगळ्यात शेवटी गोदलीव्हबाईंकडे गेलो. त्यांची बिलं बिस्किटांच्या जुन्या डब्यात, तारखेप्रमाणे, रिबिनीनं बांधलेली. मी वरचं बिल घेतलं, त्यावर जे होतं ते शब्दशः उतरवलं. नाव: ओमेर व्हान हाउतेकेट. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं की बिलावर असेल तेच नाव लिहा. मी नियमाचा माणूस. पत्रव्यवहार कसा हवा, ईमेलनं की टपालानं, तिथे मी अर्थातच टपालासमोर खूण केली. पुढच्या हिवाळ्यात आपण पुढच्या खोलीत खेळू, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मला दुसरं बिस्किट दिलं. त्या घरात दुसरं बिस्किट सहजासहजी मिळत नाही.

फेब्रुवारीत लिलाव झाला. पत्रं आली. प्रत्येक घराला वर्षाला किती वाचणार याचा आकडा, ठळक, निळ्या शाईत. माझा आकडा होता अडतीस युरो. फार मोठा नाही हे मान्य, पण मी तो पत्रावरून बोट फिरवत चार वेळा वाचला. आमच्या बँडमध्ये मी सगळ्यात जाड पितळी वाद्य वाजवतो. त्या आठवड्याच्या तालमीत मी इतक्या जोरात वाजवलं की बँडमास्तरांनी मला दरवाज्याजवळ बसवलं.

आणि इथेच माझी मती फिरली. बँडला दरवर्षी नव्या टोप्यांसाठी वॅफल भाजून विकावे लागतात. बायका पीठ मळतात, पुरुष भाजतात, आणि मग आम्ही घरोघर पुडे विकतो. एरवी हे सगळं चर्चच्या सभागृहात होतं, पण त्या वर्षी तिथलं छप्पर काढलेलं होतं. मी हात वर केला. माझ्या गॅरेजमध्ये करू म्हणालो. अडतीस युरोंचा आनंद असा कुठेतरी बाहेर पडतोच.

शनिवारी सकाळी सगळे आले. प्रत्येकानं आपलं वॅफलचं यंत्र आणलं, एकूण आठ. आखीलनं वायरी ओढल्या, प्लगच्या पाट्या जोडल्या, आणि आठही यंत्रं एकदम लावली. पहिल्या दहा मिनिटांत घरभर लोणी आणि साखरेचा असा वास सुटला की समोरच्या घरातली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. मग फटकन अंधार. मुख्य कटआउट पडलं होतं. आखीलनं ते वर केलं, एक यंत्र स्वयंपाकघरात हलवलं, आणि ठरवलं की आता सगळी अगदी मापात आहेत. संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीस पुडे झाले. गोदलीव्हबाईंनी सहा घेतले. इतका चांगला दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा आलेला नाही.

पुढच्या महिन्यात बिल आलं ते पत्रातल्या हिशेबाहून जास्त. मला वाटलं चूक झाली. मी टपालात होतो, चुका कशा होतात हे मला माहीत आहे. म्हणून मी बिल घेऊन आखीलकडे गेलो. त्यानं चष्मा लावला, दोन मिनिटं वाचलं, आणि मला काहीही न सांगता आत जाऊन आधी स्वतःसाठी बीअर आणली.

झालं होतं असं. आमच्याकडे वीज किती वापरली याचे पैसे असतातच, पण नव्या मीटरपासून आणखी एक गोष्ट मोजतात: महिन्यातल्या कुठल्या पंधरा मिनिटांत तुम्ही सगळ्यात जास्त वीज एकदम ओढली. ती पंधरा मिनिटं मीटर लक्षात ठेवतो. बारा महिन्यांच्या अशा पंधरा-पंधरा मिनिटांची सरासरी काढतात आणि त्यावर तारांचं भाडं ठरतं. म्हणजे माझे वॅफल खाऊन संपले, टोप्याही शिवून झाल्या, पण त्या शनिवारची पंधरा मिनिटं पुढे वर्षभर माझ्या प्रत्येक बिलात येणार होती. आणि बिलातल्या आलेखावर ती सगळ्यांना दिसेल अशी उभी होती, सपाट रानात चर्चचा मनोरा उभा असावा तशी.

"पण वीज स्वस्त झाली ना?" मी विचारलं.

"झाली की," आखील म्हणाला. "बिलात नुसती वीज थोडीच असते? तारांचं भाडं असतं, कर असतात. तू निम्म्या बिलावर सूट मिळवलीस आणि उरलेल्या निम्म्यावर वॅफल भाजलेस."

हिशेब करून झाल्यावर अडतीसपैकी अकरा उरले. लुतगार्तला मी हे जेवणानंतर, योग्य वेळ बघून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोस्टर लावला तेव्हा तिनं किटलीचं बटण बंद केलं आणि माझा टोस्ट होईपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली. पुढे हे घराचं वळणच पडलं. आधी बटाटे उकडायचे, मग कपडे धुवायचे, मग केस वाळवायचे. मी भिंतीवर तक्ताही लावला. एक दिवस ओव्हन चालू असताना पाहुण्यांनी कॉफी मागितली, तर मी त्यांना हवामानाबद्दल पंधरा मिनिटं बोलत ठेवलं. माणसानं किती खाली उतरावं याला मर्यादा असते, आणि ती मी त्या वसंतात पाहून आलो.

माझं एक वेळ सोडा. खरी गोष्ट गोदलीव्हबाईंची होती. त्यांचंही बिल थोडंसंच उतरलं होतं, मोठी शेगडी लावावी इतकं मुळीच नाही. वर नव्या कंपनीचे फोन सुरू झाले. नव्या ग्राहकाचं स्वागत करायला एक गोड आवाजाची मुलगी रोज फोन करायची आणि ओमेर व्हान हाउतेकेट आहेत का, विचारायची. बाईंनी पहिल्यांदा नीट सांगितलं की ते चर्चच्या मागे आहेत, तिसऱ्या ओळीत, पण बरोबर फोन नेत नाहीत. मुलीनं बहुतेक 'सध्या बाहेर आहेत' असं लिहून घेतलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मग कधी परततील?

हे मिटवायची जबाबदारी माझी होती. मी कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, वाईट नव्हतं, आमच्या बँडपेक्षा सूर बरा होता. मग कळलं की नोंदीत काहीही बदलायचं तर ग्राहकानं स्वतः बोलायला हवं. ग्राहक वारले आहेत म्हटल्यावर त्यांनी मला एक फॉर्म पाठवला. तो घर बदलणाऱ्यांचा होता, दुसरा त्यांच्याकडे नव्हता. त्यात एक रकाना होता: नवीन पत्ता. आता, चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला पत्त्याचा रकाना कोरा सोडवत नाही. तो माझ्यातला दोषच म्हणा. मी स्वच्छ अक्षरांत लिहिलं: चर्चची जागा, तिसरी ओळ, डावीकडून पाचवा.

दहा दिवसांनी माझ्या जागी आलेला नवा पोस्टमन हसू दाबत गोदलीव्हबाईंच्या दारात उभा. पाकीट ओमेरच्या नावाचं, पत्ता चर्चची तिसरी ओळ. आत पत्र: नव्या घराबद्दल आपलं हार्दिक अभिनंदन, तिथेही आमचीच सेवा घ्यावी, आणि सही नसल्यामुळे आपला अर्ज मंजूर करता येत नाही. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. माफी मागायला धावत गेलो तर बाई स्वयंपाकघरात एकट्या बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसून झाल्यावर त्यांनी ते पत्र घडी घालून पुढच्या खोलीत नेलं आणि घड्याळाच्या मागे ठेवलं. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

ओमेरच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी नगरपालिकेत गेलो. तिथे खिडकीवर नेले नावाची मुलगी बसते. तिच्या जन्माच्या अभिनंदनाची पत्रं मीच वाटली होती. तिला मी सगळी कहाणी सांगितली, वॅफल वगळून. तिनं ऐकता ऐकता पडद्यावर काहीतरी बघितलं आणि थांबली.

"अहो फिर्मिन, गोदलीव्हबाईंना पेन्शनवर सरकारची पुरवणी मिळते ना? मग त्यांना सामाजिक दर का नाही?"

सामाजिक दर म्हणजे काय ते तिनं मला समजावलं. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांना सरकारनंच ठरवलेला, बाजारातल्या कुठल्याही भावाहून स्वस्त दर. अर्ज लागत नाही, लिलाव लागत नाही, बिल्लेवाला स्वयंसेवक तर मुळीच लागत नाही. यंत्र आपण होऊन यादीतली नावं बिलांवरच्या नावांशी जुळवतं आणि दर लावतं. गोदलीव्हबाईंचं नाव यादीत सहा वर्षं होतं. पण त्या पत्त्यावरच्या बिलावर नाव ओमेरचं. आणि ओमेर मेलेला असल्यामुळे त्याला कसलीच सवलत लागू नव्हती. यंत्र दर तीन महिन्यांनी बाईंना शोधत यायचं आणि दारावरूनच परत जायचं.

"आणि हे समूहखरेदीच्या पत्रकावर पहिल्याच पानावर असतं," नेले अगदी प्रेमानं म्हणाली. "ज्यांना सामाजिक दर मिळू शकतो त्यांनी यात पडू नये म्हणून. खाली, बारीक अक्षरात."

मी घरी येऊन पत्रक काढलं. कढईच्या बुडाचा गोल काळा डाग होता. डागाच्या बरोबर मध्यावर ते वाक्य होतं.

लाज गिळली आणि खुशीत बाईंकडे गेलो, कारण आता उपाय फारच सोपा होता. एक सही. बिल त्यांच्या नावावर करायचं, बस्स. दर निम्म्यावर येणार, पुढच्या खोलीतली शेगडी पेटणार. कागद पुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं.

बाईंनी पेन घेतलं नाही. "नको," म्हणाल्या.

मी पुन्हा समजावलं. निम्मं बिल, गोदलीव्हबाई. शेगडी. डाव. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "पोरा, तू पोस्टमन. तूच सांग, ओमेरच्या नावानं या घरात आता काय येतं?"

मी विचार केला. सुतारांच्या संघटनेचं मासिक पहिल्याच वर्षी बंद झालं. त्याची बहीण गेल्यावर नाताळची कार्डं थांबली. बँकेनं नाव काढलं, पेन्शनच्या लोकांनी काढलं, दवाखान्यानं काढलं. एकेक करून त्याचं सगळं टपाल बंद होताना मी स्वतः पाहिलं होतं, कारण ते वाटणारा मीच होतो. शेवटची दोन वर्षं माझ्या पिशवीत त्याच्या नावाचं एकच पाकीट असायचं, महिन्यातून एकदा.

"बिल," मी म्हटलं.

"महिन्यातून एकदा तरी कुणीतरी त्याचं नाव लिहितं," त्या म्हणाल्या. "थंडी मला सहन होते."

मी कागद खिशात घातला आणि घरी आलो. लुतगार्तला सगळं सांगितलं. तिनं त्या दिवशी टोस्टर आणि किटली एकदम लावली.

पुढच्या गुरुवारी डाव पडला. बाहेर ऊन होतं, तरी त्या स्वयंपाकघरात गारठा होताच. कुणाचंच लक्ष पत्त्यांत नव्हतं. मी एकदा कागदाचा विषय काढायला तोंड उघडलं तर लुतगार्तनं टेबलाखालून पाय मारला. आखीलला मात्र कुणी पाय मारला नाही, कारण तो हुकूम मोजण्यात गुंग आहे असं आम्हाला वाटलं.

"मी एक सांगू?" तो पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. "खिळे दहा सेंटनं स्वस्त मिळतात म्हणून ओमेर सायकलवर शेजारच्या गावाला जायचा. पावसात. मला माहीत आहे, कारण मलाही ओढून न्यायचा. आणि त्याच माणसाच्या नावावर सहा वर्षं दुप्पट बिल चाललंय. तो तिथे तिसऱ्या ओळीत काय म्हणत असेल, गोदलीव्ह?"

बाईंनी हातातले पत्ते खाली ठेवले. मला वाटलं आता डाव आजच बंद होणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले. आधी रडतायत असं वाटलं, तर त्या हसत होत्या.

"सगळी बिलं पहिल्यापासून परत सांगून दाखवेल तो मला," त्या म्हणाल्या. "वर गेल्या गेल्या. बसूसुद्धा देणार नाही." मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "आण तो कागद. पण दारावरची त्याच्या नावाची पाटी तशीच राहील."

पाटी तशीच आहे. सही झाली, नेलेनं बाकीचं केलं. समूहखरेदीतून नेलेनं बाईंना सोडवलं ते सोडवलंच, वर ओमेर आता परतणार नाही हे कंपनीच्या त्या गोड आवाजाच्या मुलीलाही एकदाचं पटवून दिलं. सप्टेंबरात पहिलं बिल आलं, गोदलीव्ह व्हान हाउतेकेट यांच्या नावानं. आकडा खरोखर निम्म्याच्या आसपास होता. बाईंनी तो वाचला, पाकिटावरचं नावही वाचलं, आणि बिल डब्यात ठेवलं. त्यावर रिबिन बांधली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या थंड गुरुवारी आम्ही गेलो तर पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. शेगडी पेटलेली. सहा वर्षांची धूळ जळत होती, त्याचा वास आधी नाकात गेला. आखीलनं लगेच झाकण उघडून बघू का विचारलं, त्याला आम्ही तिघांनी मिळून खाली बसवलं. गोल टेबलावर हिरवं कापड होतं. आम्ही कोट काढून दाराशी अडकवले. मला ते कोट असे ओळीनं लटकलेले बघून इतकं बरं वाटलं की पहिला डाव मी सरळ सरळ हरलो.

दुसरा डाव वाटायच्या आत दारातून टपाल पडलं. मी सवयीनं उठून आणलं. एकच पाकीट होतं, प्रांताचं. त्यावरचं नाव मी वाचलं आणि तसाच उभा राहिलो. गेल्या वर्षी मीच यादीत घातलेलं नाव. कंपनीनं काढलं, नगरपालिकेनं काढलं, पण समूहखरेदीच्या यादीतून काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी म्हटलं माफ करा, गोदलीव्हबाई, खाली एक क्रमांक आहे, मी उद्याच फोन करून हे कायमचं बंद करतो.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

चष्मा लावून त्यांनी ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रिय ओमेर व्हान हाउतेकेट, गेल्या वर्षी आपण आमच्याबरोबर होतात याचा आम्हाला आनंद आहे. या वर्षीही आपली वाट बघत आहोत. आपण नको म्हणेपर्यंत आम्ही दर वर्षी आपल्याला आठवण करून देत राहू.

त्यांनी ते पुन्हा एकदा, या वेळी मनातल्या मनात वाचलं. मग उठल्या आणि घड्याळाच्या मागे, त्या नव्या घराच्या अभिनंदनाच्या पत्राशेजारी नीट उभं केलं.

"कुठेही फोन करू नकोस," त्या म्हणाल्या, आणि पत्ते वाटायला घेतले.

तेव्हा सगळ्यांनी मिळून कंपनी बदलली की बिल कमी होतं का, तर माझं झालं, अकरा युरोंनी. या वर्षीचे वॅफल आम्ही दोन-दोन यंत्रांवर भाजणार आहोत, मग बघू. गोदलीव्हबाईंना त्या योजनेनं शेगडी पेटवण्याइतकाही फायदा झाला नाही. पण माझं नाव मी यंदाही दिलंय, आणि आता दर ऑक्टोबरात यादीत ओमेरचं नाव चालू राहील एवढ्याकडे माझं बारीक लक्ष असतं.